दुबई कुरुंदवाडच्या अलीकडं

कोल्हापूरला कुरुंदवाडपेक्षा दुबई जवळ आहे, असं विधान मी एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली आमच्या गल्लीच्या नळावर, ऐन पाण्याच्या वेळेला केलं. करताना मी पूर्ण शुद्धीवर होतो. हातात छापील पुरावा होता. तरी आज इतक्या वर्षांनी मी पिशवी घेऊन एस.टी. स्टँडकडं निघालो की कट्ट्यावरून कोणीतरी विचारतंच, "काय पोवारसाहेब, कुरुंदवाड का दुबई?" मी ऐकू न आल्यासारखं करतो. महापालिकेच्या घरफाळा खात्यात हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेल्या माणसाला ऐकू न आल्यासारखं करणं चांगलं जमतं.

प्रकरण सुरू झालं ते बाबालाल बागवानामुळं. आमच्या भिंतीला त्याची भिंत, आणि लक्ष्मीपुरीत त्याचं फळांचं दुकान. माणूस सज्जन. पण सज्जन माणसांना एक वाईट खोड असते, ती समोरच्याला शहाणं समजतात. एका रविवारी सकाळी बाबालाल मोसंब्यांची पिशवी घेऊन आमच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, धाकट्या मेहमुदाला स्थळ आलंय. मुलगा कबनूरचा, मीरासाब मोमीनांचा कुतुबुद्दीन. आधी यंत्रमागावर होता, आता दुबईत कुठल्याशा हॉटेलात हवा गार करायची मशिनं दुरुस्त करतो. सध्या सुट्टीवर आलाय. पोरीनं त्याला थोरल्या बहिणीच्या घरी, कुरुंदवाडला, जाळीच्या दारातनं बघितलाय आणि तिला तो पसंत आहे. पसंत आहे म्हणजे, बाबालाल खाली बघत म्हणाला, दुसऱ्या कुणाचं नाव काढलं की जेवायची थांबतीया.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"खैरुनबीत," तो म्हणाला.

खैरुनबी म्हणजे त्याची बायको. तिचा एक कायदा होता आणि तो अख्ख्या गल्लीला पाठ होता. आपण घरातनं मटणाचा पांढरा रस्सा करून, डब्याला टॉवेल गुंडाळून निघावं, आणि लेकीच्या उंबऱ्यात झाकण काढलं तर रस्सा गरम निघाला पाहिजे. तेवढ्या लांबच लेक द्यायची. थोरली मदिना कुरुंदवाडला दिली ती ह्याच मापानं. जयसिंगपूरला गाडी बदलून, दोन तास धक्के खाऊन रस्सा पोचतो तेव्हा वाफ गेलेली असते, पण बोट बुडवलं तर ऊब लागते. कुरुंदवाडच्या पल्याड रस्सा गार आणि लेक परकी. राधानगरीचं एक चांगलं शेतीवाडीचं स्थळ तिनं पावसात गाडी अडकते एवढ्या एका कारणावर माघारी लावलं होतं. आता दुबई म्हटल्यावर ती ऐकूनच घेत नव्हती.

बाबालालचं म्हणणं एवढंच, की साहेब तुम्ही इंग्रजी पेपर वाचता, तर दुबई नक्की किती लांब हाय तेवढं तिला नीट समजावून सांगा. पुढच्या शुक्रवारी कबनूरची मंडळी येणार होती. मी "बघतो" म्हणालो. आतनं आमच्या हिनं सांगितलं की ह्यांना रंकाळ्याला जायची बस कुठली ते माहीत नाही, दुबई कुठली सांगणार. मी दुर्लक्ष केलं.

आमच्या मुलाचा शाळेतला नकाशासंग्रह माळ्यावर होता, तो काढला. मोजायला दोरा पाहिजे. घरात हाताला लागेल असा एकच लांबसर दोरा होता, तो हिच्या नव्या परकराची नाडी. ती ओढून मी मुंबईवर एक टोक धरलं आणि दुबईवर दुसरं. नाडी ताणते, हे मला त्या वेळी सुचलं नाही. एकदा दुबई दिल्लीइतकी लांब आली, एकदा दिल्लीच्या दुप्पट आली, आणि एकदा तर नाडी थेट आफ्रिकेत गेली. शेवटी सगळ्याचा मध्य काढून बाराशे मैल हा आकडा मी ठरवला, आणि परकरात परत न जाणारी नाडी गादीखाली सरकवून शेजारी गेलो.

खैरुनबीनं बाराशे मैल शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "साहेब, रस्सा काय मैलावर गार हुतोय व्हय? वेळ सांगा की."

दारामागं मेहमुदा उभी होती, ती आत गेली. पोर मॅट्रिक झालेली, एरवी आमच्याकडं येऊन तासन् तास बोलणारी. तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, आणि आपण हेडक्लार्क असून एका रश्श्यापुढं निरुत्तर झालो ह्याचं त्याहून जास्त वाईट वाटलं. मी वेळ काढून आणतो, असा शब्द देऊन बसलो.

सरकारी रीत अशी की चौकशी करायची तर चौकशीच्या खिडकीवर जावं. त्यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सवयीनं खरं कारण लिहिलं, 'दुबई चौकशी'. तासाभरात खात्यात बातमी गेली की पोवार चालले. शिपायानं येऊन पाया पडून घेतलं. ज्याच्याशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं तो आवक-जावकवाला चहा घेऊन आला आणि टेपरेकॉर्डर आणाल का म्हणाला. साहेबांनी आत बोलावून, वयाचा विचार केलात का, असं काळजीनं विचारलं. खुलासा करत बसलो असतो तर स्टँडवर जायला संध्याकाळ झाली असती, म्हणून मी सगळ्यांना "बघू, बघू" म्हणत निसटलो. त्यानं बातमी पक्की झाली.

स्टँडवरच्या चौकशीच्या माणसाला मी विचारलं, दुबईला किती वेळ लागतो. त्यानं मान वर न करता विचारलं, "वाया कुठनं?" मी म्हणालो, अहो परदेश आहे तो. तेव्हा त्यानं पेन कानावर ठेवला आणि अत्यंत सहनशीलतेनं सांगितलं, "पावणं, परराज्याच्या गाड्या पल्याडच्या फलाटाला. हितं गर्दी करू नका." मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं निपाणीत बदलावी लागंल असा सल्लाही दिला. मी चिडलो. चिडलो की माझ्या शुद्ध मराठीचा इस्कोट होतो. "विमान हाय ते, विमान!" असं मी ओरडलो आणि स्टँडवरची निम्मी माणसं वर बघायला लागली.

शेवटी शाहूपुरीत एका प्रवासी कचेरीत विमानांच्या वेळांचा छापील कागद मिळाला. मुंबईहून सुटणार संध्याकाळी सहाला, दुबईला पोचणार साडेसातला. साडेसातातनं सहा गेले, राहिला दीड. वजाबाकीत माझा हात धरणारा आमच्या खात्यात कोणी नाही. तरी दोनदा करून बघितली, आणि दोन्ही वेळा दीडच आला. बाराशे मैल दीड तासात जातात कसे, असं एखाद्याला वाटलं असतं. मला वाटलं नाही. कागद छापील होता.

तर ते नळावरचं विधान मी केलं ते असं. मुंबईपर्यंतचा रात्रभराचा प्रवास मी धरला नव्हता हे कबूल. पण मुंबई आपल्याच राज्यातली, ती परदेशाच्या हिशेबात कशी धरणार? शिवाय खैरुनबीची सख्खी बहीण कुर्ल्याला राहते, रस्सा तिथंच चुलीवरून उतरवायचा आणि निघायचं. मी हे सगळं मुद्देसूद मांडलं. बायकांच्या घागरी भरून वाहायला लागल्या तरी कोणी हललं नाही. कुरुंदवाडला दोन तास आणि दुबईला दीड, हे ऐकून बाबालालनं माझे दोन्ही हात धरले. मेहमुदा दारातच उभी होती. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि पदराआड हसत आत पळाली. लाजली असेल, असं मी मनाशी म्हटलं.

खैरुनबी मात्र नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवणारी नव्हती. तिनं परीक्षा ठेवली. रस्सा करून डबा टॉवेलात गुंडाळला, तो माझ्या मांडीवर ठेवला आणि मला आमच्याच पायरीवर दीड तास बसवलं. विमान हलतं का, असं तिनं विचारलं. थोडं हलत असावं, असं मी म्हणालो. तर तिनं मला मधनंमधनं हलायला सांगितलं. समोरनं येणारा-जाणारा थांबून चौकशी करत होता आणि मी डबा कवटाळून डुलत होतो. वेळ भरल्यावर झाकण काढलं, भसकन वाफ आली. चव तुम्हीच घ्या म्हणाली, मी घोट घेतला, जीभ पोळली, आणि त्याच क्षणी आमची ही देवळातनं परत आली. तो सोमवार होता. माझा उपास होता. पुढं दोन दिवस माझ्याशी घरात कोणी बोललं नाही, त्यात नाडीही सापडली.

पण काम झालं. खैरुनबी "बगूया" म्हणाली. तिच्या तोंडून "बगूया" म्हणजे निम्म्या अक्षता पडल्यासारखं. बाबालालनं बुधवारी पाहुण्यांचं तोंड गोड करायला साखर आणून ठेवली. मेहमुदा गुणगुणत झाडलोट करायला लागली. मी गल्लीतनं चालताना सावकाश चालायला लागलो, म्हणजे लोकांना नीट बघता यावं.

आणि मग हंबीरराव मध्ये पडले. हंबीरराव म्हणजे आमच्या समोरचे, एस.टी.तनं निवृत्त झालेले ड्रायव्हर. सगळी नोकरी गगनबावड्याच्या गाडीवर काढलेली. गुरुवारी संध्याकाळी कट्ट्यावर त्यांनी माझा कागद मागून घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, "हे जायाचं झालं. माघारीची फेरी किती वाजता हाय?"

माघारीचं मी बघितलंच नव्हतं. लेक सासरी जाते त्याची चौकशी करत होतो, माघारीची कशाला करू? कागदाच्या मागच्या बाजूला ते छापलं होतं. दुबईहून सकाळी नऊला निघायचं, मुंबईत दुपारी दीडला पोचायचं. मी वजाबाकी केली. साडेचार तास. परत केली. साडेचारच. जायला दीड आणि यायला साडेचार. तेच विमान, तोच समुद्र. आपलं कुठंतरी चुकलंय हा विचार मला अगदी शिवून गेला, हे मी नाकारत नाही. पण कट्ट्यावर तोपर्यंत पंधरावीस माणसं जमली होती, आणि एवढ्या माणसांसमोर चूक शोधत बसणं मला प्रशस्त वाटेना.

वाचवलं ते हंबीररावांनीच. क्षणभर डोळे मिटून ते म्हणाले, "घाट हाय मधी."

आणि त्यांनी सगळ्यांना समजावलं. गगनबावड्यावरनं कोकणात उतरताना गाडी आपसूक पळते, ब्रेकवर पाय ठेवला की झालं. तीच गाडी माघारी घाट चढताना पहिल्या गिअरवर रडत येते. दुबई समुद्राला टेकून, म्हणजे सखलात. आपण वर. जाताना उतार, येताना चढ. कट्ट्यावर कोणाला शंका उरली नाही. मलाही उरली नाही, खरं सांगतो. उलट मी त्यात विज्ञानाची भर घातली. पृथ्वी गोल आहे, त्यामुळं हा घाट डोळ्याला दिसत नाही, पण विमानाला तो जाणवतो, असं मी सांगितलं. हंबीररावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री मी समाधानानं झोपलो.

शुक्रवारी सकाळी बाबालाल आला तो तोंड पाडूनच. घाटाची बातमी खैरुनबीच्या कानावर गेली होती. तिनं साखर कपाटात टाकून कुलूप लावलं होतं. मी गेलो समजवायला. मला वाटलं होतं जायचा वेळ तोच आहे, रस्सा गरम पोचतोय, मग तिची हरकत काय? ती भाकरी थापत होती. थापता थापताच बोलली.

"माझ्या जायाचं काय घिऊन बसलाय साहेब. मी म्हातारी, आज हाय उद्या न्हाय. लेकीला माघारी यायला जायाच्या तिप्पट वेळ लागत असंल, तर त्या गावाला मी लेक देणार न्हाय. जिथनं यायला चढ हाय तिथं पोरी जात्यात आन तिथंच ऱ्हात्यात."

आतल्या खोलीतनं हुंदका ऐकू आला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की वजाबाकी आली नसती तर बरं झालं असतं.

पाहुण्यांना परत फिरवायला वेळ नव्हता. दुपारी मीरासाब आणि कुतुबुद्दीन आले. मीरासाब गंभीर, पांढऱ्या दाढीचे. मुलगा उंच, लाजरा, हाताला चकचकीत घड्याळ, आणि नजर सारखी आतल्या पडद्याकडं. हंबीरराव आणि मी वधूपक्षाकडून सल्लागार म्हणून सतरंजीवर. खैरुनबी पडद्याशी, चेहरा दगडी. मीरासाबांनी विषय काढताच तिनं घाटाची अडचण सांगितली. मीरासाबांना काही कळेना. ते पोराकडं बघायला लागले, पोरगं माझ्याकडं.

मी कागद पुढं केला आणि कुतुबुद्दीनला सरळच विचारलं, बाबा, तू विमानात बसलायस, तूच सांग, जाताना किती वेळ लागला आणि येताना किती. गल्लीचं सगळं भवितव्य त्याच्या उत्तरावर होतं. तो घसा खाकरून म्हणाला, खरं सांगायचं तर मला ठाऊक न्हाय. जाताना पहिल्यांदाच बसलो होतो, भीतीनं डोळं मिटून दुवा म्हणत होतो. येताना घरच्या ओढीनं काय सुचत नव्हतं. हंबीररावांनी खोदून विचारलं की चढाला इंजिनाचा आवाज बदलला का. तो विचार करून म्हणाला, बदलला असंल. हंबीररावांनी माझ्याकडं विजयी नजरेनं बघितलं. खैरुनबीनं पदर सावरला आणि उठायला लागली. संपलंच होतं सगळं.

तेवढ्यात पडदा सरकला आणि मेहमुदा सरबताचं तबक घेऊन आली. मुलीनं पाहुण्यांसमोर मान वर करायची नाही, बोलणं तर सोडाच, ही रीत. तिनं तबक खाली ठेवलं आणि मान वर करून बोलली.

"घाट न्हाय, काका. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं असतंय. सूर्य आपल्याकडं आधी उगवतोय, तिकडं मागनं. सहाला निघून साडेसातला पोचलं ते तिथल्या घड्याळात. आपल्या घड्याळात नऊ झालेलं असतंय. जायाला तीन तास आन यायलाबी तीनच."

मग मीरासाबांनी मान हलवली. खरं हाय, ते म्हणाले. पोरगं पत्रात लिहितंय की रमजानात आमचा रोजा सुटून जेवणं उरकत्यात तरी त्याचा तिकडं सुटायचा असतोय. हंबीरराव पुटपुटले की मग दुबईवाल्यांनी घड्याळं दुरुस्त करून घ्यायला पाहिजेत. मी कागदाकडं बघत बसलो. वजाबाकी बरोबर होती. फक्त दोन गावच्या घड्याळांत केली होती.

माझा स्वाभिमान पार जमिनीला टेकला, पण मला एक गोष्ट कळेना. मी मेहमुदाला विचारलं, हे तुला कधी कळलं?

"मॅट्रिकला भूगोलात होतं की," ती म्हणाली.

"म्हणजे मी नळावर सांगत होतो तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"मग बोलली का नाहीस?"

ती कुतुबुद्दीनकडं न बघता लाल झाली. "तुम्ही दीड तास म्हटल्यावर अम्मा बगूया म्हणाली होती, काका. मी कशाला बोलू?"

बाबालाल खो खो हसत सुटला. मीरासाबांची दाढी हलायला लागली. कुतुबुद्दीननं रुमाल तोंडावर धरला. मीही हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. हसली नाही ती एकटी खैरुनबी. ती लेकीकडं टक लावून बघत होती. हसणं ओसरल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "तीन तासांत रस्सा गार हुतोय गं."

"मग मी गरम करून घेईन की, अम्मा," मेहमुदा म्हणाली. "मला जायाचंय."

एवढ्या माणसांत, सासऱ्यासमोर, तिनं हे सरळ सांगितलं. तिची मान खाली गेली नाही. खैरुनबी उठली आणि आत गेली. आत कपाटाचं कुलूप निघाल्याचा आवाज आला. बाबालालनं डोळे पुसले. ती साखरेची वाटी घेऊन बाहेर आली, मीरासाबांपुढं ठेवली, आणि कुतुबुद्दीनसमोर जाऊन उभी राहिली. पोरगं गडबडून उठून उभं राहिलं.

"वर्साला एकदा माघारी आणायची," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला तशी तिनं तो रागानं सावरला. "घाट असू दे न्हायतर नसू दे."

कुतुबुद्दीन व्हय म्हणाला. मग तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात साखर घातली, लेकीला जवळ ओढून रडून घेतलं, आणि पदरानं नाक पुसत आम्हां सगळ्यांना बजावलं की जेवल्याशिवाय कोणी हलायचं नाही.